बापूंचं म्हणणं

म्हाळू कधी पुरता फोन करत नसे. एक घंटी द्यायची आणि तोडायचं, मग लेकीनं बीडहून फिरून करायचा, अशी बापलेकीची रीत होती. आता फोनला वेगळे पैसे पडत नाहीत हे बबितानं त्याला दोनदा समजावलं होतं. त्यानं दोन्ही वेळा मान डोलावली होती आणि रीत चालू ठेवली होती. त्यामुळे त्या दिवशी तासाला बाकावरच्या पिशवीत फोन थरथरला आणि थरथरतच राहिला, तेव्हा तिला आधी वाटलं की शेजारणीचा असेल. मग तिनं पिशवीचं तोंड जरा उघडून पाहिलं. आत उजेड पडला होता आणि उजेडात 'बा' एवढंच अक्षर होतं. सोमेश्वर सर फळ्यावर उलटा मनोरा काढत होते. बातमीत सगळ्यांत महत्त्वाचं ते आधी सांगावं, त्याहून कमी महत्त्वाचं नंतर, आणि ज्याच्यावाचून अडत नाही ते तळाला, म्हणजे जागा कमी पडली की उपसंपादकाला खालून कापता येतं, असं ते सांगत होते. मनोरा दरवर्षी तोच असल्यामुळे त्यांना फळ्याकडे बघावंही लागत नसे. बबिता उठून व्हरांड्यात गेली. "जेवलीस का," म्हाळूनं विचारलं. मग पाट शेळीला करडू झाल्याचं सांगितलं. मग लंगड्या मेंढीला हळद भरल्याचं, मग मायच्या खोकल्याचं, मग यंदा बाभळीला शेंगा लई लागल्याचं. बोलताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा साफ होता, कुणीतरी ऐकत असताना माणूस बोलतो तसा. आणि अगदी शेवटी, जिथून उपसंपादकानं खुशाल कापलं असतं तिथं, तो म्हणाला, "बापू आलेत घरी. बसलेत. तुझी वाट बघतेत. ये तू."

बबिता पुन्हा वर्गात गेली आणि बसली. का बसली हे तिला सांगता आलं नसतं. पिशवी घ्यायची, सरांना सांगायचं आणि निघायचं, एवढंच करायचं होतं, पण तिनं वही उघडून उलटा मनोरा उतरवून घेतला. त्याच्या टोकाला, खाली, पेन जरा जास्त दाबलं गेलं आणि कागदाला भोक पडलं. बापू घरी आलेत. बापू म्हणजे बंकटराव, माजी सभापती. कशाचे माजी सभापती हे विचारायची त्या भागात पद्धत नव्हती. माणूस एकदा सभापती झाला की तो कशाचा तरी कायमचा माजी राहतो. धारूरच्या अलीकडे, तेलगावच्या रस्त्याला लागून ज्यांची ज्यांची म्हणून जमीन होती ते सगळे एक तर बापूंचे नातेवाईक होते नाही तर बापूंना मानणारे होते, आणि ज्यांची जमीन नव्हती ते मानण्याच्याही पलीकडे होते. असे बापू बबिताच्या, गडद्यांच्या वस्तीवर कधी आले नव्हते. निवडणुकीतसुद्धा त्यांची गाडी रस्त्यावरच थांबायची, भोंगा वस्तीकडे तोंड करून बोलायचा आणि पुढे जायचा. ते आज आले होते आणि बसले होते. कशावर बसले असतील, असं बबिताच्या मनात आलं. घरात एक बाज होती आणि तिच्या एका खुराला वीट लावलेली होती. सगळ्या भीतीत तिला त्या विटेची भीती वाटली.

तास संपल्यावर ती सरांपाशी गेली. सोमेश्वर सर चांगले शिकवायचे यात वाद नव्हता. सकाळी शिकवायचे आणि दुपारनंतर स्वतःचं छोटं दैनिक काढायचे. बीडमध्ये दैनिकं इतकी होती, की घरटी एकेक वाटलं तरी थोडी उरली असती, आणि सरांचं बहुधा त्या उरलेल्यांत पडलं असतं. पण वर्गात उभे राहिले, की त्यांच्या तोंडून शब्द असे निघायचे की बबिताला मानेवर काटा यायचा. मागच्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "एका माणसाचं ऐकून लिहिली ती बातमी नाही, ती चुगली. ज्याच्याविरुद्ध लिहिताय त्याचं म्हणणं घ्या. त्याला विचारा. विचारण्यात गैर काय आहे?" आणि प्रात्यक्षिक दिलं होतं: आपापल्या भागातला एक प्रश्न, दोन्हीकडचं म्हणणं घेऊन बातमी, दहा गुण. वर्गातल्या बाकीच्यांनी नळाला पाणी येत नाही असं लिहिलं आणि नगरपालिकेचं म्हणणं स्वतःच तयार केलं. बबितानं फोन केला. आता ती सरांना म्हणाली, "सर, मी गावी चाललेय. बापू घरी आलेत. मी त्यांचं म्हणणं घेतलं होतं, प्रात्यक्षिकासाठी." सर डस्टर झटकत होते. त्यांचा हात थांबला. "कोण बापू?" त्यांनी विचारलं, आणि तिनं सांगायच्या आत ते म्हणाले, "अच्छा, अच्छा. सावकाश जा. सुट्टीचा अर्ज नंतर दे." खडूची धूळ त्यांच्या मिशीवर बसली होती आणि त्यांनी ती पुसली नाही.

बसस्थानकावर परळीची गाडी लागलेली होती. खिडकीशी जागा मिळाली, पण काच अर्ध्यावर अडकलेली, त्यामुळे बाहेरचं अर्धं जग स्वच्छ आणि अर्धं धुरकट दिसत होतं. चौकातल्या कमानीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक होता. एक मोठा चेहरा आणि खाली हरभऱ्याच्या घाट्यांसारखे लहान लहान शुभेच्छुक चेहरे. बबिता एरवी ते फलक बघतही नसे. आज ती एकेक चेहरा बघत राहिली. यांतला कुणी बापूंचा असेल का. मग वाटलं, सगळेच असतील. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कुठं उतरणार, माय?" आणि बबिता उत्तर देता देता थांबली. तेलगाव, एवढंच तर म्हणायचं होतं. पण आपलं गाव सांगायचं का नाही, हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढे पडला. "पुढं," ती म्हणाली. बाईनं तिच्याकडे जरा बघितलं आणि पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

नाव सांगितलं हीच चूक होती. गाडी वडवणीच्या रस्त्याला लागल्यावर तिला ते लख्ख कळलं. सरांनी सांगितलं होतं, विचारणाऱ्यानं आधी आपली पूर्ण ओळख द्यावी, तो समोरच्याचा हक्क आहे. तिनं वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या ओढण्यांच्या आड उभं राहून फोन लावला होता. उचलला तो भारतनं. भारत हा बापूंचा स्वीय सहायक, म्हणजे बापूंच्या बातम्या लिहिणारा माणूस. जिल्ह्यातल्या सगळ्या पेपरांत बापूंची बातमी एकाच शब्दांत यायची, कारण ती भारतच्या एकाच फोनवरून जायची. "कोणत्या पेपरकडून?" त्यानं विचारलं. पेपर नाही, वर्गाकडून, असं तिनं सांगितलं. "बरं बरं. बातमी पाठवतो, फोटोसकट. छापा," तो म्हणाला, आणि दुसऱ्या कुणाला तरी "थांब बे, फोन चालू हाय" म्हणाला. आणि खरंच, ती बोलत असतानाच कानाशी फोन थरथरला होता, बातमी आलीसुद्धा होती: बापूंच्या हस्ते वृक्षारोपण. बबिता म्हणाली, मला बातमी नको, एक प्रश्न विचारायचाय. "प्रश्न?" भारतनं असा उच्चारला होता तो शब्द, की जणू ती पेट्रोल मागत होती आणि काडीपेटीही. मग फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग नुसता श्वास. मग बापू. "बोल ताई. नाव काय तुझं?" आणि तिनं हजेरीपटावरून वाचावं तसं सांगितलं, बबिता म्हाळू गडदे. बापाचं नाव मध्ये असतंच. सगळ्यांच्या असतं. त्यात आपण बापाला उचलून कुणाच्या हातात देतोय असं कुणाला वाटतं का. "गाव?" तेही सांगितलं. मग विचारलं, शुद्ध भाषेत, सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं त्या घडणीचं वाक्य: आपण गायरानाला कुंपण घातलं असल्याचं लोक म्हणतात, त्यावर आपलं म्हणणं काय. "कोण लोक?" बापूंनी विचारलं. सूत्रांची नावं सांगता येत नाहीत, ती म्हणाली. पलीकडे बापू हसले नाहीत, रागावले नाहीत. "बरोबर हाय," ते म्हणाले. "देतो म्हणणं. समक्ष देतो."

समक्ष म्हणजे बीडला येतील, कॉलेजवर गाडी थांबेल, सगळी मुलं बघतील, असं तिला त्या रात्री वाटलं होतं. हेही खरं, की तिला ते थोडं आवडलं होतं. आता त्या आवडण्याची तिला शरम वाटली आणि शरमेनं भीतीला जागा करून दिली. लोक म्हणतात. कोणते लोक म्हणत होते? वस्तीवरचं एक माणूस आजवर त्याबद्दल बोललेलं तिला आठवत नव्हतं. ती सहावी-सातवीत असताना एका उन्हाळ्यात गायरानाभोवती तार आली, खांब आले, आणि दाराला पाटी आली: कृषी पर्यटन केंद्र. पर्यटक काही आले नाहीत. दोन इमू पक्षी तेवढे आले. तारेच्या आतल्या गवतातून ते मान वर काढून वस्तीकडे बघायचे, वसुलीला आल्यासारखे. पोरांना त्यांची भीती वाटायची. मोठी माणसं काही म्हणाली नाहीत. त्यांनी फक्त वाट बदलली. दुसऱ्या दिवसापासून सगळी मेंढरं आपोआप ओढ्याच्या अंगानं, लांबून, डोंगराकडे जायला लागली, जणू पहिल्यापासून वाट तीच होती. बबिता सुट्टीत बापाबरोबर जायची, तिनं विचारलं होतं, "बा, पलीकडं कावून न्हाई जायाचं?" आणि म्हाळू काठीनं माती उकरत म्हणाला होता, "तिकडचं गवत कडू झालंय." तिनं ते खरं मानलं होतं. कित्येक वर्षं मानलं होतं. कॉलेजला आल्यावर एक दिवस, सर कायद्याचा तास घेत होते आणि सार्वजनिक जमीन असा शब्द आला, तेव्हा तिला एकदम कळलं की गवत कडू होत नसतं. भर वर्गात तिला हसू आलं होतं. म्हणजे सूत्र कुणी नव्हतंच. म्हणणारे लोक म्हणजे ती एकटीच होती, आणि ती बापूंना म्हणाली होती लोक. आता बापू त्या लोकांना शोधत तिच्या घरी आले होते. घरात दोनच लोक होते.

तेलगावला उतरून ती धारूरच्या जीपमध्ये बसली, तेव्हा चालकानं मागे न बघता विचारलं, "गडद्याच्या वस्तीवर ना?" तिनं त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. कदाचित पाहिलंही असेल. कदाचित तिचीच चेहरेपट्टी तशी असेल. ती "हां" म्हणाली आणि पुढच्या आरशात त्याचे डोळे शोधत राहिली. रस्त्याच्या कडेनं कापूस उभा होता, वेचून झालेला, काळ्या बोंडांचा. उसाची गाडी पुढे चालली होती आणि जीप तिच्या मागे मागे, ओव्हरटेक न करता. चालक घाईत नव्हता. कुणीच घाईत नव्हतं. भीतीत सगळं हळू होतं हे तिला माहीत नव्हतं. चित्रपटात उलटं दाखवतात.

वस्तीच्या वळणावर पांढरी गाडी उभी होती. पुढे वाट खडकाळ असल्यामुळे ती तिथंच थांबली होती आणि बापू पायी गेले होते. बबिता उतरली तेव्हा आधी ऐकू आली ती मेंढरं. उन्हं कलली होती आणि मेंढरं अजून वाड्यातच होती. काट्यांच्या कुंपणाच्या आत सगळा कळप तोंडं वर करून ओरडत होता, एकानं थांबावं तर दुसऱ्यानं सुरू करावं. असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. घरात मयत झालं तरी मेंढरं सुटायची, कारण मयताला पोट नसतं आणि मेंढरांना असतं. आजी गेली त्या दिवशीही म्हाळूनं आधी कळप डोंगराला लावून दिला होता. आज बापू बसलेले असताना उठून जाणं त्याला जमलं नव्हतं. माय चुलीपाशी उभी होती, कडूबाई, पदर दातात धरून. तिनं लेकीकडे बघितलं आणि मान हलवली. ती ये म्हणत होती का जा म्हणत होती हे कळलं नाही.

बापू बाजेवरच बसले होते. वीट टिकली होती. ते फोनवर जसे वाटले होते त्याहून बारीक आणि म्हातारे होते, पायातल्या वहाणा काढून त्यांनी पाय वर घेतले होते, घरच्यासारखे. भारत दाराशी उभा होता, दोन्ही हातांत एकेक फोन. म्हाळू जमिनीवर, उकिडवा. "ये ताई, बस," बापू म्हणाले. "किती लांबून आलीस. म्हाळू, पोरीला पाणी दे." म्हाळू उठला, पाणी आणलं, तांब्या तिच्या हातात देताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. ती बापाशेजारी बसली. पाणी प्याली. गिळल्याचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला.

"म्हाळूचं आमचं जुनं हाय," बापू म्हणाले. "याचा बाप आमच्या रानात मेंढरं बसवायचा. असं खत व्हायचं की दोन साल काही घालावं लागत नसे. काय म्हाळू?"

"व्हय बापू."

"औंदा कुठं बसवतो?"

"शिवशंकर मालकाच्या रानात. सुगी झाली की."

"बरं हाय. मी बोलतो शिवशंकरला."

एवढंच. म्हाळूच्या मानेची एक शीर उडाली ती बबितानं बघितली. उन्हाळ्याचे चार महिने मेंढरं कुणाच्या ना कुणाच्या रानात बसली तरच घरात दाणा येई. शेतकऱ्याला खत, धनगराला ज्वारी. त्यासाठी कागद नसतो, बोली असते. बापू शिवशंकरशी काय बोलणार होते हे त्यांनी सांगितलं नाही, आणि न सांगितल्यामुळे ते घरभर झालं. बापूंचा आवाज एकदाही चढला नव्हता. दाराबाहेर मेंढरं ओरडत होती म्हणून ते मध्ये मध्ये थांबत होते एवढंच, सभेत घोषणा चालू असताना थांबतात तसे.

"तर म्हणणं," बापू म्हणाले. "तू मागितलंस, मी द्याया आलो. तीस वर्सं झाली राजकारणात. लोकांनी निवेदनं दिली, मोर्चे आणले, एकदा तर पुतळा जाळला. पण मला कुणी माझं म्हणणं इचारलं न्हाई. पेपरवाल्यांनी बी न्हाई. त्यांना हा भारत पाठवतो, ते छापतेत. तूच पहिली. मग म्या रातभर इचार केला, ही कावून इचारती? इचारणारं माणूस एकटं नसतं, ताई. त्याच्या मागं कुणी तरी असतं. लिही आता." तिनं वही काढली. "म्हाळू, तू सांग. तिथं गायरान होतं का?"

म्हाळू जमिनीकडे बघत म्हणाला, "न्हाई बापू. माळ व्हता. दगडं नुसती."

"मेंढरं चारली का तू कधी?"

"न्हाई बापू."

"लिहिलंस का?"

तिनं लिहिलं. अक्षर सरळ आलं याचं तिला नवल वाटलं. बापानं तिच्यादेखत आपलं सगळं लहानपण, आपल्या बापाचंही, माळावर मेंढरं प्यायची ते दगडी डोणीचं पाणी, सगळं एका 'न्हाई'त पुसलं, आणि तिनं ते अवतरणचिन्हांत घेतलं, शिकवलं होतं तसं. "हे प्रात्यक्षिक हाय, बापू," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "कुठं छापून येणार न्हाई. सर तपासतेत आणि गुण देतेत. दहा."

"दहा गुणांसाठी?" बापूंनी भारतकडे बघितलं. भारत जरासा हसला आणि बापू हसले नाहीत म्हणून थांबला. बापूंच्या तोंडावर जे होतं तो राग नव्हता. तिच्या बापाच्या तोंडावर होती तीच भीती त्यांच्याही तोंडावर होती, फक्त चांगल्या धोतराच्या वर. त्यांना खरंच कळत नव्हतं. कुणी कशासाठीही नुसतं विचारतं हे त्यांच्या जगात बसत नव्हतं, आणि जे बसत नाही ते झोप चाळवत ठेवतं. "सरांनाच इचारू की," ते म्हणाले. "खरं असंल तर मिटलं. लाव रे."

भारतनं लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. घंटी भिंतींना लागून वाजत राहिली. बबिता मनात म्हणाली, उचला. फोन उचलला गेला आणि सोमेश्वर सर "बोला भारतभाऊ" असं म्हणाले, वर्गात कधी न ऐकलेल्या, मऊ आवाजात. भारतनं बापू बोलतात असं सांगितलं. बापूंनी विचारलं, "सर, तुमी पोरांना असं काही सांगितलं का, की बंकटरावला फोन करा, गायरानाचं इचारा?" फोनमध्ये मागे छापखान्याची घरघर होती. मग ती बंद झाली, सरांनी खोलीचं दार लावलं असावं. "नाही बापू," सर म्हणाले. "छे. आमच्याकडे काल्पनिक बातम्या लिहून घेतो आम्ही. खऱ्या माणसाला त्रास द्यायला कोण सांगेल? मुलगी हुशार आहे, पण ग्रामीण भागातून आलेली, समजत नाही एकेकदा. तुमच्या वाढदिवसाच्या पुरवणीच्या मजकुराचं बघतोच आहे मी." बबिताला राग यायला हवा होता. ती रागाची वाट बघत राहिली. पण ऐकू येत होता तो फक्त सरांचा श्वास, शब्दांच्या मध्ये धरून ठेवलेला. फळ्यापुढे उभं राहून बोलणारा तो माणूस आणि हा माणूस एकच आहे, आणि दोघंही खरे आहेत, हे कळून तिला जे वाटलं त्याला तिच्या अभ्यासक्रमात नाव नव्हतं.

फोन बंद झाला. "सर तर न्हाई म्हणतेत," बापू म्हणाले. प्रात्यक्षिक आता कधी झालंच नव्हतं. दहा गुण नव्हते, वर्ग नव्हता, ज्याच्या आड उभं राहून तिनं विचारलं होतं ते सगळं वाळत घातलेल्या ओढण्यांसारखं कुणीतरी काढून नेलं होतं. आणि मग जे झालं त्याची तिला तयारी नव्हती. म्हाळू तिच्याकडे वळला. ती आल्यापासून पहिल्यांदा त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत संशय होता. "बबे," तो म्हणाला, "खरं सांग. कुणी सांगितलं तुला?"

"बा."

"कुणाचं बी नाव घे. बापू सोडून देतेत. कारखान्याच्या इलेक्शनला उभा हाय तो म्हण, न्हाई तर त्या माजलगाववाल्याचं घे. एक नाव घे, पोरी. आपुन सुटलो."

ते खरं होतं हे तिला कळत होतं. एक नाव दिलं की सगळं जिथल्या तिथं बसणार होतं. बापूंना शत्रू मिळाला असता, भारतला बातमी, शिवशंकरच्या रानात मेंढरं, आणि तिला परत बीड, बाक, फळा. सरांचंही नाव घेता आलं असतं, ते तर खोटंही नव्हतं. नावं तिच्या तोंडापर्यंत आली, एकामागं एक, आणि प्रत्येक नावामागं एक घर होतं, एक बाज, बाजेवर बसलेले बापू.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "म्याच इचारलं." आणि मग, थांबायला हवं होतं तिथं न थांबता, फळ्यावरची भाषा कुठं गेली कोण जाणे, घरात बोलतात तशी बोलून गेली: "बापू, गायरानाला तार कावून लावली तुमी?"

मायच्या दातातला पदर सुटला. भारतनं एक फोन खिशात घातला. म्हाळूनं डोळे मिटून घेतले, वीज पडायच्या आधी माणूस मिटतो तसे. बापू तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. नवीन काही दिसतंय का ते बघत असावेत, तिच्या मागे, भिंतीवर, दारात. कुणी दिसलं नाही. त्यांनी पाय खाली घेतले, वहाणा शोधल्या, एक उलटी पडली होती ती अंगठ्यानं सरळ केली. म्हणणं त्यांनी दिलं नाही. दारापर्यंत गेल्यावर मान न वळवता ते म्हणाले, "म्हाळू, मेंढरं उपाशी हायती. सोड की त्यास्नी."

गाडी सुरू झाल्याचा आवाज वळणावरून आला आणि गेला. म्हाळू उठला. त्यानं काठी घेतली, वाड्याच्या तोंडावरची बाभळीची फांदी ओढून बाजूला केली, आणि सगळा कळप एकदम, एकमेकांच्या अंगावरून, त्याच्या पायांना घासत बाहेर आला. धुळीत तो गुडघ्यापर्यंत बुडाला. ओरडणं थांबलं. भोवती गोळा झालेली मेंढरं तोंडं वर करून त्याच्याकडे बघत होती. बबिता दारात उभी होती, हातात वही. ओढ्याच्या अंगाला शिवशंकरचं रान होतं. डोंगराच्या वाटेवर बापूंच्या भावकीचं. समोर तार होती. म्हाळूनं काठी उचलली, ती तशीच वर धरली, आणि कोणत्या अंगाला वळवायची ते त्याला कळेना.